चुन्याची खोली

आमच्या वस्तीतली जमीन सरकारची, पण पत्रे मालकिणीचे. तिचा रुबाब मात्र असा, की सूर्यसुद्धा तिला विचारून उगवत असावा.

आईला ऊन सोसायचं नाही. मागच्या उन्हाळ्यात दोनदा भोवळ येऊन पडली, तेव्हा डॉक्टरनं मला तोंडावर सांगितलं, पुढच्या वेळी उठायची नाही. मी दिवसभर शहागंजात, कापडाच्या दुकानात. ती पत्र्याखाली एकटी. म्हणून कन्नड तालुक्यातल्या मामाकडून जीपच्या टपावर तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, आणल्या आणि आतून पत्र्याखाली दाट बांधल्या. वरून पत्र्याला डिंक कालवून चुना मारला. चुन्यानं आईची बोटं फाटली, तरी ती थांबली नाही. मालकीण खाली उभी राहून हसत होती.

"मावशी, पत्र्याचं लगीन हाय का?"

खोली खरंच गार झाली. आई दुपारची झोपू लागली. मला इतकं बरं वाटलं, की मी गिऱ्हाइकांशीही गोड बोलायला लागले.

मग एका दुपारी मालकीण जरा टेकायला म्हणून आली आणि संध्याकाळपर्यंत घोरत पडली. उठून म्हणाली, "लई गार हाय हो. आमचा स्लॅब तापतो, सासऱ्याला सोसत नाय. तुम्ही पलीकडच्या खोलीत जावा, मावशी."

घसा बसेपर्यंत मी भांडले. भर उन्हाळ्यात दुसरी जागा मिळेना. शेवटी भांडी उचलली.

पलीकडची खोली म्हणजे नुसता तवा. मी लगेच चुना आणला, तर आईनं बादली हिसकावली.

"नगं मारू. गार झाली की ही बी घेतील. मंग कुठं जाशील तू?"

विनवण्या केल्या, शिव्या दिल्या. ऐकलं नाही. डोक्यावर ओलं फडकं घेऊन ती बसून राहायची. पलीकडे आमच्या गार खोलीत तिचा म्हातारा सासरा घोरायचा, तो आम्हाला ऐकू यायचा.

वैशाखात एके दिवशी दुकानातून आले. फडकं कधीच वाळलं होतं. आई गेली होती.

मालकीण भेटायला आली. डोळ्यांना पदर लावला, मग वर पाहिलं.

"अगं, येत होतं तर हितं बी चुना का नाय मारला?"

"मारला असता तर हीसुद्धा तुम्ही घेतली असती."

तिला रागसुद्धा आला नाही. थोडा विचार केला आणि उठली.

"तेरावं झालं की खोली मोकळी कर. आता भाडेकरू ठेवीन, तर आधी चुना मारायला लावते."