सात तुकडे सारखे

हसाल तुम्ही. हसा, पण कप खाली ठेवून हसा, चहा नाकात गेला तर मला बोलू नका!

माझ्या हातून लाकूड कधी चुकलं नाही. दारं केली, पाळणे केले, देवाची पालखी केली. चुकलं ते एकदाच, आणि तेसुद्धा मी छाती पुढे काढून, गावासमोर, साहेबासमोर चुकवलं.

मी बाबल मेस्त्री. शाळा दुसरीपर्यंत. दुसरीत मास्तरांनी माझा कान पिळला, मी त्यांची छडी मोडली. संपलं शिक्षण! दुसऱ्यांचा राग नाकावर असतो म्हणतात. माझा नाकाच्या दोन पावलं पुढे चालतो.

आमची वाडी वालावलच्या खाडीकाठी. शाळा म्हणजे एक खोली आणि एक गुरुजी. पहिलीत पोरं सात. त्यातली एक माझी शेवंता, सहा वर्षांची, अंगठ्याएवढी. आणि वरून कागद आला की डिपोटी साहेब तपासणीला येणार. पोरं शिकतायत असं दिसलं तर शाळा राहणार. नाहीतर बंद, आणि पोरांनी होडीने खाडीपलीकडच्या शाळेत जायचं. श्रावणात ती खाडी बघितलीय कधी? माझ्या अंगठ्याएवढ्या पोरीला मी त्या होडीत बसवीन? म्हणजे शाळा गेली की शेवंताची पाटीही गेली.

गुरुजी घाटावरचे. कोवळे, बारीक, बोलणं एकदम गोड. ते एक पाकीट घेऊन माझ्या मांगरात, म्हणजे कामाच्या खोपटात, आले. आत पुठ्ठ्याचे सात तुकडे.

“बाबल मेस्त्री, दमट हवेनं पुठ्ठ्याचा पापड झालाय. हेच सात तुकडे लाकडात करून द्या. असेच्या असे हं. पोरांच्या हातात लाकूड आलं की त्रिकोण, चौकोन सगळं कळतं त्यांना. साहेबांना हेच दाखवायचंय. थांबा, तुम्हाला जोडून दाखवतो...”

“गुरुजी,” मी म्हटलं, “माका माझा काम शिकवू नकात.”

झालं! बिचारे पाकीट ठेवून गेले. इथेच माझं थोबाड बंद राहिलं असतं, तर आज तुम्हाला सांगायला किस्सा नसता.

दुपारी जेवायला बसलो. ताटात सुरमयची मधली, चांगली जाड तुकडी. बाजूला शेवंता. मी डाव्या हाताने पाकीट उलटं केलं आणि तुकडे बघायला लागलो. काय ते तुकडे! दोन त्रिकोण हे एवढे मोठे. एक मधला. दोन नखाएवढे. एक चौकोन. आणि एक तर असा कलंडलेला, जसा काय कापताना गुरुजींना कुणी धक्का मारला!

“बाबा, ह्यो माझो!” शेवंताने नखाएवढा त्रिकोण उचलला.

“तुझो म्हणजे?”

“आमी सात जणां मां? एकेकाक एकेक. माझो ह्यो बारको.”

“आणि हे मोठे?”

“एक मानकऱ्याच्या नातवाक. एक दुकानदाराच्या झिलाक.”

मी हातातला घास ताटात आपटला!

तुम्हाला आमच्या देवळातली रीत सांगतो. नारळ फुटला की अर्धी कवड मानकऱ्याला. मग उतरत्या मानाने एकेकाला शकल. शेवटी आम्ही. पालखी केली माझ्या बापाने आणि मी, आणि हातावर पडते काय, तर शेवंताच्या नखाएवढी खोबऱ्याची चिरी! देवापुढे गप्प बसतो. पण शाळेत? सरकारच्या शाळेत? तिथेसुद्धा मानकऱ्याच्या नातवाला मोठा तुकडा आणि सुताराच्या पोरीला बारका?

“आवशीक खाव!” मी ओरडलो. “ह्यो गोड बोलणारो मास्तर पोरांत मान लावता!”

“ओ, आधी गुरुजींक इचारा तरी,” बायको म्हणाली.

“इचारूचा काय? माका दिसता!”

“तुमका सगळाच दिसता. मीठ जास्त झाला काय तेवढा सांगा.”

मी सांगितलं नाही. उरलेली सुरमय रागाने खाल्ली आणि फणसाची फळी काढली.

तीन दिवस खपलो. सात तुकडे केले, सातही चौकोनी, सातही सारखे! प्रत्येकाला गुण्या लावला. गुण्या म्हणजे आमचं कोपरा सरळ आहे का बघायचं लोखंडी हत्यार. एकाला रेसभर जास्त नाही, एकाला रेसभर कमी नाही. रंधा मारला, तेल लावलं. म्हटलं, घ्या! आता काढा कोणाचा मान मोठा तो!

आणि फळीचा तुकडा उरला म्हणून साहेबांना बसायला एक चौकोनी पाट केला. ऐसपैस, गुळगुळीत, चारी कोपऱ्यांना कमळं कोरलेला. एवढा मोठा साहेब येणार, मान ठेवायला नको?

तुम्ही हसताय का? अजून वेळ आहे.

तपासणीच्या दिवशी सगळी वाडी शाळेच्या खिडक्यांना लटकलेली. साहेब आले, माझ्या पाटावर बसले. गुरुजींच्या हातात मी फडक्यात बांधलेलं गाठोडं दिलं, ते अगदी तेव्हाच. आदल्या दिवशी तीनदा विचारायला आले होते, तीनदा मी ‘तेल सुकूचा आसा’ म्हणून परत पाठवले. मुद्दाम! आधी दिलं असतं तर बदलून घेतले असते ना!

गुरुजी साहेबांना म्हणाले, “साहेब, ही सात मुलं आपापला तुकडा आणतील आणि सगळे मिळून सारख्या बाजूंचा एक चौकोन करतील.”

गाठोडं सोडलं. गुरुजींचा चेहरा असा झाला, जसं काय फडक्यातून फुरसं निघालं!

पोरं गुणी. ज्याने त्याने एकेक उचलला. तीन मांडले. त्यांच्याखाली तीन मांडले. शेवंता सातवा हातात घेऊन उभी. वर लावला, खाली लावला, बाजूला लावला.

“गुरुजी, एक उरता,” ती म्हणाली.

“माझो नाय उरणा, तुझो उरता!” मानकऱ्याचा नातू ओरडला.

“तुझोच उरता!”

दोघांची जुंपली. साहेबांनी चष्मा काढला. “गुरुजी, वर्षभर हेच शिकवलंत? सात सारख्या चौकोनांचा तसा एक चौकोन होईल कसा? मी काय लिहू आता?”

गुरुजी मान खाली घालून उभे. माझं नावसुद्धा घेतलं नाही हो! आणि मी? मी खिडकीतून आत उडी मारली. दार होतं, पण दाराने जायला राग कुठे थांबतो?

“साहेब! ते सारखे मी केलंय! ह्या मास्तराक नको होते सारखे! हेका मानकऱ्याच्या नातवाक मोठो तुकडो होयो आणि माझ्या चेडवाक बारको! देवळातलो मान शाळेत कशाक? सरकारच्या शाळेत सगळी पोरां सारखी!”

खिडक्यांतून टाळ्या पडल्या. आमच्या खालच्या आळीच्या. मला वाटलं, जिंकलं!

गुरुजी हळूच म्हणाले, “मेस्त्री, तुकडे मी वाटलेच नव्हते. जमिनीवर ठेवले आणि म्हटलं, हवा तो घ्या. सगळ्यांत आधी शेवंता आली. तिनेच तो उचलला.”

मी शेवंताकडे बघितलं. “खरा?”

“होय. तो माझ्या मुठीत रवता,” ती म्हणाली. “आणि तो मधी बसता, बाबा. तो नाय लावलो तर मधी भोक पडता. मोठे घेवन काय करू? ते कडेक बसतत.”

टाळ्या बंद! खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं. मी तिकडे बघितलं तर आमचीच मंडळी, पदर तोंडावर!

गुरुजींनी खिशातून ते पापड झालेले तुकडे काढले, जमिनीवर जोडले. दोन मोठे कडेला, मधला कोपऱ्यात, तो कलंडलेला खाली, आणि शेवंताचा बारका बरोबर मधोमध. चौकोन! रेसभर फट नाही. पुठ्ठा असून! माझ्या गुण्याला मान खाली घालायची पाळी आली.

“साहेब,” मी म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोललो, “शाळा बंद करू नकात. चूक माझी आसा. अर्धो तास द्या. लाकडात करून देतंय.”

“लाकूड?” साहेबांनी विचारलं.

लाकूड कुठे होतं? फळी संपलेली. सात तुकडे कापता येतील एवढं मोठं चौकोनी लाकूड त्या खोलीत एकच होतं, आणि त्यावर साहेब बसले होते.

माझी नजर पाटाकडे गेली. साहेबांचीही गेली. ते उठले. “मेस्त्री, शाळेत मान नको म्हणालात ना? मग मला तरी पाट कशाला?” आणि सरळ पोरांच्या मधे जमिनीवर मांडी घालून बसले!

“शेवंता, माझी करवत हाड गो!” ती धावत जाऊन घेऊन आली.

गुरुजींनी पट्टीने रेघा मारल्या, मी कापले. माझी कमळं तुकड्यातुकड्यांत गेली. पोरांनी दोन मिनिटांत चौकोन जोडला. मग मोडून होडी केली, मांजर केलं. मांजरावर साहेब एवढे खूष, की चांगला शेरा लिहिला. शाळा राहिली!

जाताना साहेब म्हणाले, “मेस्त्री, तुम्हीच कापलेत, आता तुम्ही जोडा बघू.” बसलो. साहेबांचा चहा झाला, पान झालं, साहेब होडीत जाऊन बसले. माझा तो कलंडलेला काही बसेना!

“राग येऊक देऊ नको, बाबा,” शेवंता कानाशी म्हणाली. “फिरवन बघ.”

घरी आलो. ते सारखे सात चौकोन बायकोने केव्हाच चुलीजवळ रचून ठेवले होते, गरम तवली ठेवायला. पानं वाढली. पुन्हा सुरमय. नेहमीसारखी मधली जाड तुकडी माझ्या ताटात, बायकोला डोक्याचा भाग, शेवंताला शेपटी. मी घास घेणार, तर शेवंता जेवेना. एकदा स्वतःच्या ताटात बघते, एकदा माझ्या.

“काय गो? जेव मां.”

“बाबा,” ती म्हणाली, “गुण्या हाडू?”

त्या दिवशी शेपटी मी खाल्ली. काटे फार असतात हो तिला!