आधी वाईट सांगणारे नाना

नवा ड्रायव्हर ठेवायचा झाला की दत्तूनाना त्याचं लायसन्स नंतर बघत. आधी त्याच्या घरी जात आणि आईला किंवा बायकोला समोर बसवत. "वयनी, आदी वाईट सांगतो," अशी त्यांची सुरुवात असे. मग पंधरा-पंधरा दिवस घर दिसत नाही, कंबर जाते, सणाला गाडी कुठंतरी घाटात असते, हे सगळं सांगून झाल्यावर पगाराचं आणि इज्जतीचं बोलत.

कराडच्या ज्या ट्रान्सपोर्ट कंपनीत मी ड्रायव्हरांची कागदपत्रं बघते, तिथं नाना पूर्वी स्वतः ट्रक चालवत. गुडघे गेल्यावर मालकांनी त्यांना ड्रायव्हर शोधायचं काम दिलं. ते सोपं नव्हतं. तरुण पोरं शिरवळच्या गोडाऊनकडे वळली होती. पगार कमी, पण तिथंच बिऱ्हाड केलं की रोज घरी येता येई. आमच्याकडे उरले ते बहुतेक पन्नाशीतले.

"नाना, गाड्या उभ्या आहेत आणि तुम्ही लोकांना घाबरवताय," मालक एकदा चिडले.

"मालक, आज घाबरला तर घरी ऱ्हाईल. चेन्नईच्या वाटंवर घाबरला तर तुमची गाडी तिथंच ऱ्हाईल."

विट्याजवळच्या महेशला नानांनीच आणलं होतं. निर्व्यसनी, शांत मुलगा. तीन वर्षांत त्याची एक तक्रार आली नाही. "असली चार पोरं द्या, कंपनी म्या चालवून दावतो," असं नाना कौतुकानं म्हणत.

एका दुपारी महेशची आई ऑफिसात आली. मी चहा मागवला. तिनं सरळ विषय काढला. नानांची मुलगी वैशाली कराडातच एका लॅबमध्ये कामाला होती. तिला महेशसाठी मागायला ती आली होती.

नाना म्हणाले, "वयनी, पोरगं सोन्यासारखं हाय. पर ड्रायव्हरला पोरगी न्हाई द्यायची."

"माझ्या पोराला तुमीच न्हेलं की. तवा म्हणाला हुता, इज्जतीची नोकरी हाय."

"हाय की."

"मग?"

नानांनी चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. चहा तसाच ठेवून ती निघून गेली.

महिन्याभरात महेशनं नोकरी सोडली. तो शिरवळला फोर्कलिफ्ट चालवायला लागला आणि वर्षाच्या आत त्याचं लग्नही झालं. ते कळलं त्या दिवशी नाना माझ्या टेबलापाशी येऊन बसले. "ताई, वैशाली म्हणाली, मला इचारायचं तरी हुतं. म्या इचारलंच न्हाई."

त्यानंतर एका नव्या ड्रायव्हरच्या घरी मीही त्यांच्याबरोबर गेले. त्याची बायको विशीतली, मांडीवर तान्हं मूल. नानांनी नेहमीप्रमाणे वाईट सांगितलं. ती वाट बघत राहिली. शेवटी म्हणाली, "आणि चांगलं काय, नाना?"

नानांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि ते उठले. तो ड्रायव्हर आमच्या जीपपर्यंत मागे आला. "नाना, माजं काय चुकलं का?"

"तुजं न्हाई रं."

वाटेत नाना म्हणाले, "माझ्या पोरीला जे नगं म्हणालो, ते हिला कुठल्या तोंडानं सांगू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सोडलं. जाताना मालकांना एवढंच म्हणाले, "गाडी जाऊ द्या चेन्नईला. माणूस हुबळीवरनं माघारी आणा. तितं दुसरा चढवा." मालकांनी तेव्हा मान हलवली, केलं काही नाही. सहा गाड्यांना ड्रायव्हर मिळेनात, तेव्हा केलं. आता आमचा माणूस हुबळीला गाडी दुसऱ्याच्या हाती देतो, चेन्नईकडून परत आलेली गाडी घेतो आणि दुसऱ्या दिवशी घरी असतो. शिरवळला गेलेल्यांपैकी दोघं परतही आले.

हे सांगायला मी नानांच्या घरी गेले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"महेश आला का?"

"नाही."

"बराबर हाय त्याचं."

वैशालीनं चहा आणून ठेवला आणि ती लॅबला निघाली. ती फाटकाबाहेर जाईपर्यंत नाना तिच्याकडे बघत होते. मी तिच्या लग्नाचं विचारलं.

"तिचं ती बघंल," ते म्हणाले. "कुणाला बी आणू दे. म्या फकस्त 'या, बसा' म्हणायचं."