घोडीची पाठ शेकली

वर्ध्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं, "पुढच्या पायाचं हाड खराब झालंय. हिच्यावर आता कधीच कोणी बसायचं नाही." माझी घोडी जेमतेम पाच वर्षांची. सेलूजवळच्या आमच्या शेतातून मी रोज सकाळी तिच्यावर रपेट करत असे.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. ती चालू लागली की मी टापांचा आवाज ऐकत राही. पाय ओढतेय का? आडवी झाली, तर उठेल ना? खोगीर तिच्या नजरेस पडू नये म्हणून मी ते पोत्याखाली लपवलं. येणारा-जाणारा विचारी, "बसत नाई तं काऊन बांधून ठेवली?" मी खेकसून त्याला वाटेला लावी, पण तिचं पुढे काय करायचं, हे मलाही कळत नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हळद आणि तूप लावून बैलांचे खांदे शेकतात. बैलांचं आटोपल्यावर बाबा हळद-तुपाची तीच वाटी घेऊन घोडीकडे आले आणि तिची पाठ चोळू लागले.

"बाबा, दुखणं पायात आहे!" मी चिडले.

"मले समजते. पण वझं तं पाठीनंच वाह्यलं ना?"

मी तिचा दोर सोडला. ती हळूहळू अंगणातल्या ओट्यापाशी गेली. मी रोज तिथूनच तिच्यावर चढायचे. ओट्याला अंग लावून ती उभी राहिली आणि मी अजून का येत नाही, ते मान वळवून पाहू लागली.