बोरटेकवाडीची राहिलेली फेरी

नृसिंह मुळे हा शेवगावचा देवीडॉक्टर. खरा डॉक्टर नव्हे. गावोगाव फिरून पोरांच्या दंडावर देवी काढायच्या, म्हणजे देवीची लस टोचायची, आठव्या दिवशी परत जाऊन फोड धरला की नाही ते बघायचं आणि वहीत नोंद करायची, एवढंच त्याचं काम. पण खेड्यातली माणसं त्याला डाक्तर म्हणत आणि त्यालाही ते आवडे. थंडीचे चार महिने तो पायीच असे. वाडीवस्तीवर पोहोचला की कुणीतरी घोंगडी अंथरी, कुणी ताकाचा तांब्या आणून ठेवी, आणि पोरं त्याला बघून ज्वारीत पळून जात.

चव्वेचाळीस सालच्या माघात तो तिसगावापलीकडच्या बोरटेकवाडीला गेला. चौदा पोरांना देवी काढल्या. त्यांत कारभारी आणि त्याची बायको मुक्ताबाई यांची पाच वर्षांची रतन होती. बाकीची रडली, ही रडली नाही. त्याच्या हातातल्या सुईकडे टक लावून बघत तिनं विचारलं, "ही रोज तुमी धुता का?"

नृसिंहाला हसू आलं. "धुतो तर. आणि तू मात्र हा दंड धुवायचा नाही. आठ दिवस पाणी लावायचं नाही."

आठव्या दिवशी तो परत गेला, तर एकाही दंडावर फोड नव्हता. लस मेलेली होती. त्यानं मुक्ताबाईला सांगितलं, "ही लस खराब निघाली. नवी मागवतो. येत्या गुरुवारी येतो, पुन्हा काढू."

शेवगावला येऊन त्यानं त्याच दिवशी नव्या लशीसाठी लिहिलं. गुरुवार आला, लस आली नाही. पुढचा गुरुवारही तसाच गेला. तेवढ्यात वाडीवर देवीची साथ आली. तीन पोरं गेली; रतन त्यांत होती.

मग तपासणीला जिल्ह्याचे साहेब आले. वहीत चौदा नावं आणि दंडावर एकही वण नाही. लस मेल्याची नोंद आणि नव्या लशीचं पत्र ही त्यांना मागाहून रचलेली सबब वाटली. घरी बसून नावं भरली, असा आरोप ठेवून त्यांनी नृसिंहाला सस्पेंड केलं. चौकशीत कारभारीचा जबाब झाला. "आला, पोरांना टोचून गेला, पुना येतो म्हनला, आला न्हाई," असं तो म्हणाला होता. लिहिणाऱ्यानं तेवढं शेवटचं उतरून घेतलं, 'आला नाही', आणि कारभारीनं त्याखाली अंगठा दिला.

सस्पेंड माणसानं परवानगीशिवाय शेवगाव सोडायचं नाही, असा हुकूम होता. सोडलं तर मिळणारा अर्धा पगारही बंद. नृसिंहानं बोरटेकवाडीला जाण्यासाठी तीनदा अर्ज केला. साक्षीदार फोडायला जातोय, असं समजून तिन्ही अर्ज नामंजूर झाले. एकदा तो न विचारताच पहाटे तिसगावच्या रस्त्याला लागला, पण निम्म्या वाटेवरून परत फिरला. घरी बायकोनं, इंदूबाईंनी, विचारलं, "कुठं गेला होतात?" तो म्हणाला, "उगीच. पाय मोकळे करायला." त्या दिवसाची त्याला पुढं फार लाज वाटत राहिली.

अडीच वर्षं तो ओट्यावर बसून होता. थंडी पडली की तळपाय शिवशिवत. कुठल्या वस्तीत किती पोरं जन्मली असतील याचा अंदाज तो मनाशी बांधत बसे. वाटा आठवत. नदीच्या वाळूतून वर चढून गेलं की दिसणारी वाडीची पहिली चार छपरं आठवत, आणि तिथून पुढं मन जाईना.

सेहेचाळीसच्या दिवाळीनंतर निकाल आला. त्याच खेपेची लस दुसऱ्या दोन तालुक्यांतही मेलेली निघाली होती. वाटेत कुठंतरी ती उन्हात पडून राहिली होती. नृसिंह निर्दोष. कामावर घ्यावा, सस्पेंडचा सगळा काळ नोकरीत धरावा आणि उरलेला पगार द्यावा.

पैसे हातात आले त्या दिवशी इंदूबाईंनी सोनाराकडे गहाण पडलेल्या पाटल्या सोडवून आणल्या. उरलेल्या रकमेकडे बघत नृसिंह म्हणाला, "यातले थोडे मुक्ताबाईला द्यावेत म्हणतो."

"कशाचे म्हणून देणार?" इंदूबाई हळूच म्हणाल्या. "आणि त्या घेतील का?"

त्यानं निकालाचे कागद पुन्हा वाचले. त्या अडीच वर्षांत आपण कामावरच होतो, असा त्यांचा अर्थ होता. कामावर असतो तर आपण कुठं गेलो असतो, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या आठवड्यात नवी लस घेऊन तो बोरटेकवाडीला गेला. मुक्ताबाई खळ्यावर कणसं खुडत होती. पाठीशी वर्षाचं पोर बांधलेलं. तिनं त्याला ओळखलं, उठली, तांब्याभर पाणी आणून दिलं.

"मुक्ताबाई, लस आलीच नाही. मग मला घरी बसवलं. सोडीनात."

"कळलं हुतं मागून," ती म्हणाली. "आमी वाट बघितली. पोर दंडाला पानी लावू देईना. डाक्तरानं सांगितलंय म्हनायची. ताप भरला तवाबी म्हनत हुती."

नृसिंहाच्या हातात तांब्या तसाच राहिला.

"आन् तुमचा अडकल्याला पगार? मिळाला का?"

"मिळाला."

"बरं झालं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच बरं वाटलं होतं, आणि तेच त्याला सोसवेना.

वाडीतल्या नऊ पोरांना त्यानं देवी काढल्या. मुक्ताबाईनं पाठीवरचं पोर पुढं केलं नाही. "ह्याचं ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाली. त्यानं आग्रह केला नाही. आठव्या दिवशी गेला तेव्हा नऊही दंडांवर फोड टरारून आले होते. मुक्ताबाई माहेरी गेली होती.

पुढच्या दोन्ही हिवाळ्यांत तो गेला. दर वेळी पाणी मिळालं, पोर मात्र दाराआड राहिलं. तिसऱ्या हिवाळ्यात कारभारीच पोराला खांद्यावर घेऊन आला आणि घोंगडीवर बसवून त्याचा दंड धरला. पोर मोठ्यानं ओरडलं, लाथा झाडल्या. मुक्ताबाई दारात उभी राहून बघत होती.

"लई भितरं हाय," कारभारी म्हणाला. "थोरली तशी न्हवती."

"नव्हती," नृसिंह म्हणाला.

काम संपलं होतं, पुढची वस्ती लांब होती. तरी तो तिथं बसून राहिला. थोरली आज अकरा वर्षांची झाली असती. या भावंडाला कडेवर घेऊन उभी राहिली असती. कारभारीनं चिलीम भरली. ऊन ज्वारीवरून उतरून गेलं, तेव्हा कुठं तो उठला.