पंप चांगला होता

रे रोड स्टेशनच्या पलीकडे, लाकडाच्या वखारींना लागून, आमचं ट्रॅक्टरचं वर्कशॉप होतं. मालक दुसरे, पण सहा वर्षं तिथल्या तेलात हात घातल्यावर मी त्याला आमचंच म्हणायचो. गोदीत उतरलेले ट्रॅक्टर खोक्यांतून आमच्याकडे यायचे, आम्ही ते जोडायचो, आणि बिघडले की फिरून आमच्याच दारात यायचे. मी परळहून चालत जायचो. वय सव्वीस. ट्रॅक्टरच्या मागे नांगर उचलणारी लिफ्ट असते, तिच्या कामात माझा हात धरणारा कोणी नाही अशी माझी समजूत होती, आणि ती बरीचशी खरी होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले दिवस. मुंबईतल्या एका हरताळाच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. त्या सकाळी निफाडकडचा एक ट्रॅक्टर ट्रकमधून उतरवला. बरोबर मालकीणच आली होती. पस्तिशीच्या आतबाहेरची बाई. नवरा सत्याग्रहात पकडला जाऊन तुरुंगात होता, त्यामुळे शेती आणि ट्रॅक्टर दोन्ही तिच्या हाती आलेलं. तक्रार एवढीच की मागची लिफ्ट नांगर उचलत नाही.

आमचे मोठे मिस्त्री गिरगावातले, धोतर सोडून पँट घातली तरी चालणं धोतराचंच. त्यांनी ट्रॅक्टर आवारात बराच वेळ चालवायला लावला, मग लिफ्टची दांडी वर ओढली, लिफ्टचे मागचे दोन लोखंडी हात हिसके देत कसेबसे वर आले.

"लिफ्टचा पंप गेला," ते म्हणाले. "बाई, पंप विलायतेहून मागवावा लागेल. जहाज येईपर्यंत ट्रॅक्टर इथेच राहील."

"किती दिवस?"

"दोन-तीन महिने धरा."

बाईंनी पदर खोचला. मला राहवलं नाही. मी विचारलं, "ताई, तो कधीच उचलत नाही, की कधी उचलतो कधी नाही?"

"सकाळच्याला उचलतो की. चांगला उचलतो. घंटा-दीड घंटा चालला, तापला, की मान टाकतो."

मी मिस्त्रींकडे वळलो. "साहेब, मला दुपारपर्यंत वेळ द्या. माझ्या मते पंप चांगला आहे."

"तुझ्या मते," मिस्त्री म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत. ट्रकवाल्याने मात्र बजावलं की तो चारला निघणार. उद्याच्या हरताळात त्याला मुंबईत अडकायचं नव्हतं.

शेजारच्या वखारीतून सागाचा एक ओंडका मागून आणला आणि साखळीने लिफ्टच्या हातांना बांधला. इंजिन तासभर चालू ठेवलं, ओंडका वरखाली करत राहिलो, लिफ्टच्या डब्यातलं तेल चांगलं कढत होईपर्यंत. मग ओंडका पूर्ण वर घेतला, बाजूच्या खांबावर खडूने रेघ मारली आणि इंजिन बंद केलं.

ओंडका खाली यायला लागला. सावकाश नाही, डोळ्यांना दिसेल असा. मिनिटभरात रेघेच्या वीतभर खाली.

"बघा," मी मिस्त्रींना म्हणालो. "इंजिन बंद, म्हणजे पंपही बंद. पंपाचं काम तेल ढकलायचं. ते धरून ठेवायचं काम पंपाच्या पुढच्या भागाचं. तिथून कुठून तरी तेल निसटतंय. तेल थंड असताना घट्ट असतं, म्हणून सकाळी निभावतं. तापून पातळ झालं की पळतं."

मिस्त्रींनी खांबावरच्या रेघेपासूनचं अंतर बोटांनी मोजलं. "कुठून पळतं ते दाखव," म्हणाले.

तेल निवेपर्यंत थांबायला हवं होतं. बाईंनी फडकं सोडून भाकरी आणि ठेचा काढला आणि मलाही खा म्हणाल्या. मग विचारलं, "तुम्ही कोण म्हणायचं?" मी सांगितलं, आम्ही बौद्ध, परळला चाळीत राहतो. भाकरी माझ्या हातात न देता त्यांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवली आणि तुकडा पुढे सरकवला. मला कळलं. मला कळलं हे त्यांनाही कळलं. भूक लागली होती, मी खाल्लं. भाकरी चांगली होती, हेही खरंच.

जेवून मी थोडं तेल उतरवलं आणि डब्याच्या बाजूची झाकणी खोलली. ओंडका पुन्हा वर घेतला, इंजिन बंद केलं, खाली दोन भक्कम लाकडी ठोकळे सरकवले आणि विजेरी व दाढीचा छोटा आरसा घेऊन आत डोकावलो. सिलिंडर कोरडा होता. पिस्टनही ठीक. पण पंपाकडून वर जाणारी नळी जिथे बसते, तिथून तेलाची बारीक धार अखंड गळत होती. मी मिस्त्रींना आरसा दिला. ते वाकले, आरसा फिरवून धार पाहिली. "पंप मागवायचं पत्र रद्द," एवढंच म्हणाले.

साखळीची कप्पी लावून आम्ही वरचं झाकण उचललं. नळी काढली. तिच्या बुडाशी रबराची रिंग असते. तिची एक कड नखाने सोलल्यासारखी निघाली होती. रिंगला तेल न लावता नळी दाबली की अशीच सोलते. मग माझं लक्ष नळीकडे गेलं. नळीवर बसवणाऱ्याची खूण होती, छिन्नीचे दोन छोटे टोले. दोन टोले ही माझी खूण. गेल्या वर्षी हाच ट्रॅक्टर लिफ्टच्या रबरी रिंगा बदलायला आला होता. तो मीच जोडला होता.

ती खूण मिस्त्रींच्या लक्षात आली नव्हती. बाईंना तर ती कळायचा प्रश्नच नव्हता. मी रिंग उचलून दोघांच्या मधे धरली.

"ही मी बसवली होती. नीट बसवली नाही."

बाईंचा आवाज चढला. "म्हंजे माझी सगळी नांगरट तुमच्यापायी अडली?"

"हो."

"आणि हे तुम्ही मला तोंडावर सांगताय?"

"आता नीट बसवतो. पण ज्याने चुकवली त्याच्याच हातून करून घ्यायची नसेल तर मिस्त्री बसवतील."

त्यांनी माझ्या हातातली रिंग घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाल्या, "तुम्हीच बसवा. पण मी इथं उभी राहून बघणार."

त्या खरंच उभ्या राहिल्या. मी नवी रिंग तेलात बुडवली, त्यांना तिची कड बोटांनी चाचपून बघायला लावली, आणि नळी दाबण्याऐवजी फिरवत फिरवत जागी बसवली. काम माहीत असलं की चूक कबूल करूनही हात स्थिर राहतात, हे मला त्या दिवशी समजलं.

सगळं जोडून, तेल भरून, पुन्हा तापवून ओंडका वर घेतला. इंजिन बंद केलं. या वेळी बाईंनी स्वतःच खांबाजवळ जाऊन पाच मिनिटं पाहिलं. ओंडका जागचा हलला नाही.

चारला ट्रॅक्टर ट्रकवर चढला. बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि निघताना मला एवढंच म्हणाल्या, "नांगरट झाली की कळवीन." कळवलं नाही, पण तो ट्रॅक्टरही लिफ्टसाठी परत आला नाही.

मिस्त्री जॉब कार्ड घेऊन बसले होते. "कारणाच्या जागी काय लिहू?"

"जोडणीत चूक. माझं नाव लिहा."

त्यांनी लिहिलं, वळणदार अक्षरात, काहीच न गाळता. आणि सोमवारी लिफ्टची तक्रार असलेले दोन ट्रॅक्टर आले, तेव्हा दोन्ही कार्डं माझ्याकडे सरकवून ते चहा प्यायला गेले.