शनिवार कोणी ठेवला?

पडद्यावर चार बायका झोपल्या होत्या. अर्धवट बांधलेल्या भिंतीच्या सावलीत, अंगाखाली सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, तोंडावर पदर. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आयडल रिसोर्स. म्हणजे रिकामं पडलेलं साधन. मिक्सर पडून राहतो, ट्रक पडून राहतो, तशा ह्या.

सर म्हणाले, "लोणावळ्यातली माझीच साइट. शिफ्ट आठ तासांची. दहा ते तीन काम बंद, त्यातला एक तास जेवणाचा. चार बायका. सांगा, किती तास वाया?"

मागून कोणीतरी घोरण्याचा आवाज काढला. वर्ग हसला. मीही हसले. हो, हसले, आता लपवून काय करू?

आणि उत्तरही माझंच पहिलं आलं. "सोळा तास, सर. निम्मा दिवस."

"एक्सलंट!" टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं. आठवडाभर मी नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात प्लॅनिंगला असते, आणि शनिवार-रविवार हा प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा पदव्युत्तर कोर्स करते. वर्गातली बहुतेक मुलं पुण्याची, बापाच्या गाडीतून येणारी. त्यांच्या आधी माझा हात वर गेला की छाती फुगायची.

"ह्या लोकांना सावली दिसली की आडवं व्हायचंच असतं," सर म्हणाले, आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून त्यांनी फोटो मोठा केला.

तेव्हा तिसरीच्या अंगातला शर्ट दिसला. साडीवरून घातलेला, निळा, आमच्या कारखान्याचा. खिसा लाल दोऱ्याने शिवलेला. तो खिसा मी शिवला होता. शर्ट माझा जुना, साइटवर घालायला आईला दिलेला.

माझी आई होती ती. तिचे तास मोजून मी टाळ्या घेतल्या होत्या.

सरांची किळस नंतर आली, आधी माझी आली. उठून काहीतरी बोलायला हवं होतं. बोलले नाही. कारण माझ्या शेवटच्या प्रोजेक्टचे गाइड हेच सर. त्यांच्या सहीशिवाय प्रोजेक्ट जमा होत नाही, प्रोजेक्टशिवाय पदवी नाही, आणि पदवीशिवाय मी जन्मभर दुसऱ्याने ठरवलेल्या तारखा कॉम्प्युटरवर चढवत बसणार.

ते 'ह्या लोकांना' मला नवीन नव्हतं. आमचं घर वडिवळ्याच्या बौद्धवस्तीतलं. आजोबांनी छप्पन्न सालानंतर गावापुढे वाकायचं सोडलं, पण हा शब्द काही गावाने सोडला नाही. शाळेत बाई म्हणायच्या, पाटबंधारे खात्याचा साहेब म्हणायचा. आता सुटाबुटातला माणूस एसीत उभा राहून म्हणत होता, आणि मी त्याची हुशार विद्यार्थिनी होते. थू माझ्या हुशारीवर.

घरी आले. आई तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं.

"नाताळच्या सुट्टीतला व्हय तो?" ती म्हणाली. "फोटू काडला व्हय त्या सायबानं? मला वाटलं, पानी मागाया उबा ऱ्हायलाय. तांब्या द्याला उटनार व्हते. पर कंबार उचलंना."

"पण तुम्ही पाच तास पडून का होता?"

"मंग काय करनार? काँक्रीटची गाडीच आली न्हाई. मुकादमाला म्या आदल्या दिशीच सांगितलं व्हतं, सुट्टीच्या शनवारी लोनावळ्यात मुंगीला बी वाट मिळत न्हाई, गाडी कशी वर येईल? त्यो म्हनला, मावशे, सायबानं पुन्यात बसून दिस ठरवलाय. त्याला सांगनारा मी कोन?"

गाडी तीनला आली. स्लॅब एकदा सुरू झाला की मध्येच सोडता येत नाही. पंपाचा पाइप मागच्या बाजूला पुरेना, तिथे ह्या चौघींनी घमेली वाहिली. सहाला शिफ्ट संपते. ह्या नऊ वाजता उतरल्या. ते तास सरांच्या पडद्यावर नव्हते. मी ते विचारलेही नव्हते. मी, प्लॅनिंगवाली.

"आन् तू काय म्हनलीस त्याला?" आईने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. म्हटलं, "किती तास वाया, ते मीच सांगितलं."

तिचा हात सुपात थांबला. "बराबर आलं व्हय उत्तर?"

टोमणा होता की खरंच विचारत होती, मला आजही कळलेलं नाही.

पुढच्या शनिवारी सरांनी हजेरी घेतली आणि मी उभी राहिले. म्हटलं, "सर, मागच्या वेळच्या फोटोतली तिसरी बाई माझी आई आहे."

वाटलं, आता तरी माणूस ओशाळेल.

सरांचा चेहरा उजळला. "अरे वा! मग तुम्हाला अभिमान वाटायला हवा! आई तिथे आणि मुलगी इथे! तुमचा एक फोटो द्या मला. आईच्या फोटोशेजारी लावू. इन्स्पायरिंग केस होईल." आणि ते वर्गाकडे वळून म्हणाले, "गिव्ह हर अ बिग हँड."

पुन्हा टाळ्या. घोरणारा तर उभा राहून वाजवत होता. शी! शिवी दिली असती तरी चाललं असतं. शिवी अंगावरून निथळून जाते. हे कौतुक शेणासारखं अंगाला लागलं. आईला निजलेली दाखवून पैसे मिळवायचे, आणि पोरीला उभी दाखवून पुन्हा मिळवायचे. तळपायाची आग मस्तकात गेली.

"फोटो मिळणार नाही," मी म्हटलं. "आणि आहे तो काढून टाका. नाहीतर त्याच्या शेजारी तुमचा लावा. सुट्टीतल्या शनिवारी स्लॅब कोणी ठेवला होता, सर?"

"तो ह्या केसचा विषय नाही."

"मग कशाचा आहे? नऊपर्यंत घमेली वाहिली त्यांनी. ते तास कुठे आहेत?"

"तुम्ही इमोशनल होताय. मॅनेजर व्हायचं तर आधी असल्या गोष्टी बाजूला ठेवायला शिका. बसा."

"मी उभीच बरी आहे," म्हटलं. तास संपेपर्यंत उभी राहिले. एकाही पोराने मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात मी प्रोजेक्टचा विषय दिला. तोच स्लॅब, त्याला झालेला उशीर आणि त्याची कारणं. चौघी बायका, मुकादम, गाडीचा ड्रायव्हर, सगळ्यांना भेटले, त्यांचं म्हणणं त्यांच्या नावानिशी लिहिलं. आईच्या नावासमोर हुद्दा लिहिला, 'साइटवरचा धोका आदल्या दिवशी सांगणारी कामगार'. चुकीच्या तारखेसमोर सरांचं नाव लिहिलं.

सरांनी फाइल चाळली, मिटली आणि माझ्याकडे सरकवली. "विषय बदला. शुक्रवारपर्यंत दुसरा आणा, डोळे झाकून सही करतो. नाहीतर वर्ष जाईल. विचार करा, तुमच्यासारख्यांना अशी संधी पुन्हा मिळत नाही."

विचार केला. शुक्रवार आला आणि गेला. मी विषय बदललेला नाही. सोमवारी फाइल बिनसहीची विभागात जमा करणार आहे, पोच घेऊन. परत करतील, करू देत. नापास करतील, करू देत. पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरणार, पुन्हा ह्याच माणसासमोर बसणार, आणि विषय हाच देणार.