प्लांटला तिकडे काय म्हणतात

आमच्याकडे प्लांट हा शब्द कुठेही खपतो. बोईसरचा केमिकलचा कारखाना प्लांट, तारापूरला वीज बनते तोही प्लांट, आणि फ्लॅटवाले माझ्या रोपवाटिकेत येऊन "एखादा मस्त प्लांट दाखवा" म्हणतात, तो गुलाबही प्लांटच. कुणाच्या गादीखाली मुद्दाम फोन ठेवून त्याला चोर ठरवलं, तर म्हणे फोन प्लांट केला.

हा शेवटचा अर्थ माझा धाकटा भाऊ कंबोडियात अंगावर घेऊन आला. गावच्या एजंटने कॉम्प्युटरची नोकरी सांगितली होती. तिथे त्याला कोंडलं आणि फोनवरून लोकांना फसवायला बसवलं. तो अडून बसला, तेव्हा त्याच्या गादीखाली फोन सापडला. लोखंडी पाइपने त्याचा डावा हात दोन ठिकाणी मोडला.

तिथे भात रांधणाऱ्या बाईने त्याला थोडी ख्मेर शिकवली. कारखाना म्हणजे रोङचाक, झाडझाडोरा रुक्खचिआत. रोप लावणं म्हणजे डम, आणि भात शिजत लावणं तेही डमच. परत आल्यावर तो एवढंच सांगायचा. माराबद्दल अवाक्षर नाही. तो मनात कुणाला दोष देतो, हे मला जाणून घ्यायचं होतं आणि विचारायची छाती होत नव्हती.

परवा सकाळी आम्ही चिकूची भेटकलमं बांधत होतो. कुंडीतल्या खिरणीच्या रोपाची आणि चिकूच्या फांदीची साल तासायची, त्या सुकायच्या आत जखमेला जखम लावून आवळायचं. तेवढ्यात तोच एजंट फाटकातून आत आला. नव्या बंगल्यासाठी त्याला कलमं हवी होती. भावाकडे बघून हसत म्हणाला, "काय, बरा हाय ना आता?"

माझं डोकंच फिरलं. लाथ घालून त्याला आडवा केला, छातीवर बसून थोबाडावर ठोसे घातले. त्याचा दात पडला, माझी बोटं फाटली. तरी भागेना, म्हणून तासायची सुरी उचलली. मला त्याला मारायचंच होतं, खोटं कशाला बोलू?

भावाने त्याच मोडक्या हाताने माझं मनगट धरलं. एजंट रक्त थुंकत पळाला.

"त्याला मारून काय व्हनार, दादा? त्याच्याकडं मला तूच घेऊन गेला व्हतास. मी नाय म्हनत व्हतो."

त्याने माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि अर्धवट राहिलेली खिरणी पुढे ओढली.

"धर. जखम सुकल."

मी धरली. वर न बघता तो कलम आवळू लागला.